सुई कोण देणार

४ मे, रविवार

मला कोणी विचारलं नाही. मुलगा-सुनेत ठरलं आणि मला निरोप मिळाला, तोही भाकरी थापताना — "आई, तुम्ही पण जायचंय." फटफटीवर. या वयात. तंबूत झोपायला.

कारण पोरगी. आरोही, माझी नात, अकरा वर्षांची. आठव्या वर्षी तिला साखर निघाली. म्हातारपणाची नाही, पोरांना होते ती. गोळीने भागत नाही. दिवसातून चार वेळा सुई, नाहीतर दवाखाना. आता सहावीला निवासी शाळेत तिचा नंबर लागला. शाळेच्या बाई म्हणाल्या, इथं सुई द्यायला माणूस नाही. पोरीला स्वतःला घेता येत असेल तर आणा. बारा तारखेला फोन करू, तेव्हा पक्कं सांगा.

पोरीला येत नाही. बोट टोचून मशीनवर साखर बघते, किती औषध घ्यायचं तो सुईवरचा आकडा लावते. पण सुई पोटाजवळ नेली की डोळे मिटते आणि हात तिथंच अडतो. घरी सून देते, उज्वला.

गोरक्ष, माझा मुलगा, म्हणतो उज्वला जवळ असली की पोरगी शिकायची नाही. पाच दिवस डोंगरात नेतो, तिथं घेईल. उज्वलाला कंपनीत सुट्टी नाही. ती म्हणाली, आई जात असतील तरच. मग मला बाजूला घेऊन — "आई, तिच्यावर सोडू नका. तुम्हीच द्या."

मी हो म्हणाले. मला तरी कुठं तिला पाठवायचंय? घरात भांडायला तेवढीच एक आहे.

५ मे, सोमवार

पुढे गोरक्ष, मध्ये पोरगी, मागे मी, माझ्यामागे तंबू. नऊवारी नेसते म्हणून बरं, दोन्हीकडे पाय टाकून बसता आलं. डोक्यावर हेल्मेट म्हणजे उलटं पातेलं. मांडीवर मडकं. मडक्यात डबी, डबीत सुईचं औषध, मडक्याला ओलं फडकं. उन्हात औषध नासतं. दर तासाला फडकं भिजवायचं, हे माझं काम.

घोटीला पोलिसाने हात केला.

"आजी, ट्रिपल सीट?"

"मी सीट नाय, सामान हाय."

"आणि हे मडकं?"

"पोरीचं औषध. इथं उन्हात उभं करून नासलं तर तुम्ही भरून द्याल का?"

तो हसला. "जा. पण हळू जा."

दुपारी भंडारदऱ्याला पोचलो. पाण्याजवळ तंबू लावायला गोरक्षला एक तास. शेतकऱ्यांचे पंप दुरुस्त करणारा माणूस, पण तंबूच्या काठ्या जुळेनात. शेवटी पोरीने पिशवीवरचं चित्र बघून लावला.

जेवणाआधी गोरक्ष म्हणाला, "आज तू घे." तिने सुई धरली. धरूनच बसली. भात गार झाला, गोरक्ष तोंड फिरवून उभा राहिला. मी तिच्या हातातून सुई घेतली आणि टोचली. गोरक्ष माझ्यावर चिडला. चिडू दे. उज्वलाला फोनवर सांगितलं, मीच दिली. ती म्हणाली, "बरं झालं."

६ मे

ढुंगण बधिर. यापुढं लिहायला काही नाही.

७ मे, बुधवार

आज झालं ते इथंच लिहिते. घरात कोणाला सांगणार नाही.

कालपासून अभयारण्याच्या आत एका वस्तीवर आमचा तंबू आहे, झिपरू आणि भागीबाईच्या अंगणात. झिपरूची भात-नागलीची शेती. तो बोलतो कमी. भागीबाई माझ्याच वयाची, बोलतेही माझ्याएवढंच. सकाळी गाडी पंक्चर. गोरक्ष आणि झिपरू चाक काढून जीपने शेंडी गावाला गेले. मी चूल पेटवली, भात-पिठलं केलं. अकराला पोरीने आकडा लावला, मी सुई दिली. सुई दिली की लगेच जेवायचं, नाहीतर साखर एकदम उतरते, हे उज्वलाने शंभरदा सांगितलंय.

पण रानात चूल पेटवली की पहिला घास रानातल्या देवाला. माझ्या सासूने घालून दिलेलं. इथं तर बिबट्या फिरतो. भागीबाईला विचारलं, देव कुठं?

"वाघदेव ना? हा काय, इथंच."

डोंगरातल्या माणसाचं 'इथंच' किती लांब असतं! ओढा उतरलो, चढ चढलो, पुन्हा ओढा. ताट माझ्या हातात — भात, पिठलं, गुळाचा खडा. पोरीला परक्या घरी कुठं ठेवणार, म्हणून ती मागे.

"आजी, भूक लागली."

"नैवेद्य झाला की खा."

थोड्या वेळाने — "आजी, हात थरथरतायत."

"उन्हाने होतंय. चल, आलंच."

मला कळायला हवं होतं. थोडं कळलंही होतं. पण ताट हातात होतं आणि शेंदूर लावलेला देव समोर दिसत होता, पन्नास पावलांवर.

पोरगी खाली बसली. अंगावरचा फ्रॉक घामाने चिंब. मी तिला उठवायला वाकले, तर तिने ताटातला गूळ उचलून तोंडात घातला.

"उष्टं केलंस ना देवाचं, भवाने!" मी तिच्या हातावर चापट मारली. तिने दुसऱ्या हाताने भात ओढला. तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "गप बस आणि पाणी दे."

मी दिलं.

मग तिने पिशवीतून मशीन काढलं, बोट टोचलं. बावन्न. सत्तरच्या खाली गेली की धोका, हे मलाही पाठ आहे. "आता पंधरा मिनिटं थांबायचं," म्हणाली. घड्याळ तिच्या मनगटावर. मी ताट धरून बसले. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं, अठ्ठ्याऐंशी. "आता हळूहळू खाली जायचं. मग नीट जेवते." डॉक्टरसारखी बोलत होती. मी मागून चालले.

भागीबाईने ताट बघितलं, मग मला विचारलं. सांगावं लागलं. वाटलं, नाक मुरडेल. ती म्हणाली, "लेकराआधी खाणारा देव आमच्यात नाय बाई. तुमच्यात असंल."

मी ताट घासायला बसले.

संध्याकाळी जेवणाआधी मी सुईसाठी हात पुढे केला. पोरगी म्हणाली, "नको. तू सुई वेळेवर देतेस, जेवण देत नाहीस." भात आधी ताटात वाढून घेतला. मग फ्रॉक वर केला, डोळे उघडे ठेवले आणि टोचली. दहापर्यंत मोजून काढली.

गोरक्ष बघतच राहिला. त्याला वाटलं, डोंगराची हवा मानवली. मला माहीत आहे काय झालं. तिचा माझ्यावरचा भरवसा उडाला. म्हणून शिकली.

८ मे, गुरुवार

सकाळची तिने घेतली, दुपारचीही. उज्वलाचा फोन आला — "सुई कोण देतंय?"

"मीच."

जिभेवर तेच आलं. खरं सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, अचानक कशी घ्यायला लागली? मग ताट, देव, बावन्न, सगळंच निघालं असतं. पोरगी शेजारीच होती. तिने ऐकलं.

गाडीवर बसताना मडकं तिने स्वतःच्या मांडीवर घेतलं. मी मागितलं नाही.

९ मे, शुक्रवार

सिन्नरला घरी आलो. उज्वलाने मला पाट दिला, पुढ्यात गरम पाणी. "आई, तुम्ही होतात म्हणून. शाळेला सोमवारी नाही सांगून टाकते. चार दिवसांत एकदासुद्धा घेतली नाही तिने."

गोरक्ष म्हणाला, "कोण म्हणतं? परवापासून तीच घेतेय."

"आई तर म्हणाल्या, मीच देते. शाळेपायी तुम्ही काहीही सांगाल." मग पोरीला — "येते ना तुला? घेऊन दाखव माझ्यासमोर."

पोरीने हाताची घडी घातली. "दाखवणार नाही. मी खोटी आहे का? आजीला विचार."

गोरक्षने माझ्याकडे बघितलं. उज्वलाने बघितलं. पोरीने नाही.

मी म्हणाले, "माझी पाठ धरलीय. आंघोळ करते."

रात्रीची सुई उज्वलाने दिली. पोरीने भिंतीकडे बघत घेतली.

१० मे

दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. परत आले. पोरगी बोलत नाही. शाळेसाठी काढून ठेवलेली पिशवी तिने परत माळ्यावर टाकली.

१२ मे, सोमवार

पहाटे उज्वला पीठ मळत होती तेव्हा सगळं सांगितलं. देव, ताट, बावन्न, चापट, फोनवरचं खोटं. तिचे हात थांबले. मग एवढंच — "यापुढं तुम्ही तिला सुई द्यायची नाही."

"तेच सांगायला आले," मी म्हणाले. "तूही देऊ नको."

शाळेच्या बाईंचा फोन दहाला येणार. सुई कोण देणार, हेच विचारतील. घरात सांगून ठेवलंय — उज्वलाने उचलायचा नाही, गोरक्षने नाही, मी तर नाहीच. आरोहीने उचलायचा, आणि तिनेच उत्तर द्यायचं.