वादळाआधी बाबांना आणते

दादा,

आज-उद्या नुसतं ढगाळ राहील, बुधवारपासून वारा वाढेल आणि शुक्रवारी वादळ धडकेल, असं बातम्यांत सांगितलंय. नदीकाठच्या घरात बाबा एकटेच आहेत. सकाळी फोन केला तर म्हणाले, "त्याच्या घरात मी पाऊल ठेवणार नाही." मी म्हटलं, "घर माझंही आहे," आणि फोन ठेवून दिला.

साडेनऊच्या बसने निघतेय. त्यांनी कितीही आदळआपट केली तरी उद्या संध्याकाळी त्यांना घेऊनच येईन. गच्चीवरच्या कुंड्या आत घे, खिडकीची निखळलेली कडी बसव. माझी खोली त्यांना दे, मी हॉलमध्ये झोपेन.

तुमच्या भांडणात मी पडणार नाही. पण बेल वाजली की दार तूच उघड, वहिनीला पुढे करू नकोस.

– धाकटी