मधली भिंत

प्रिय वहिनी,

तुला पुन्हा दिवस गेले आहेत हे सांगून तू फोनवर एकच प्रश्न विचारलास, "पुन्हा तसंच होईल का?" आणि मी "कळवते" म्हणून फोन ठेवला. दादा नंतर म्हणाला, "अगं, तिला हो किंवा नाही एवढंच हवं होतं." दादाला जगातली सगळी उत्तरं एका शब्दात हवी असतात. मला अर्धवट उत्तर देणं जमत नाही, ही माझी खोड म्हण किंवा शिस्त. तुमच्या दोघांच्या रक्ताची तपासणी पुरी होईपर्यंत मी थांबले. आता सविस्तर लिहिते; मधलं काही गाळून शेवटाकडे उडी मारू नकोस.

तुमची चिमणी जन्मली तेव्हा तिच्या दोन्ही हातांची बोटं आखूड होती, त्यांतली दोन-दोन एकमेकांना जुळलेली. आईने बाळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "पोटुशी बाई दिवसभर त्या पॉलिशच्या वासात बसायची, दुसरं काय होणार!" जुन्या लाकडाला झळाळी आणण्यात तुझा हात धरणारं त्या गल्लीत कुणी नव्हतं, तरी तू ब्रश धुऊन ठेवलेस आणि दुकानाची किल्ली मालकाच्या हातात दिलीस. नंतर बाळाच्या रक्ताच्या तपासणीचा निकाल आला, "सर्व जनुके निर्दोष," आणि आईला रानच मोकळं झालं. रक्तात दोष नाही, म्हणजे दोष सुनेच्या वागण्यात. तर्कशास्त्राची इतकी दुर्दशा मी परीक्षेच्या पेपरांतही पाहिलेली नाही.

खरी गफलत त्या तपासणीच्या रीतीत होती. तिथे जनुकं तेवढी अक्षर न् अक्षर वाचत आणि दोन जनुकांमधला लांबच लांब पट्टा 'रिकामा' समजून सोडून देत. घर तपासायला जावं, सामानाची यादी करावी आणि भिंतींकडे ढुंकूनही पाहू नये, असला तो कारभार.

म्हणून तर गेल्या सुट्टीत मी चिमणीला प्रयोगशाळेत बोलावलं आणि तुझ्या संमतीने तिच्या कातडीचा कणभर तुकडा घेतला. त्यातल्या पेशी वाढल्यावर मी तिला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. पेशीच्या मध्यभागी निळसर उजळलेला ठिपका म्हणजे केंद्रक. माणसाच्या उंचीहून लांब असा डीएनएचा धागा त्याच्या आत मावलेला असतो, असं सांगितलं. डोळा न हलवता ती म्हणाली, "आत्या, म्हणजे माझ्या कपाटासारखं कोंबलंय!" मी तिला दटावलं. माझं स्वतःचं कपाट तू पाहिलं आहेस. नीटनेटकेपणाचा मला गर्व आहे. पण त्या ठिपक्यापुढे माझं कपाट म्हणजे उकिरडा. तिथे काहीही कोंबलेलं नसतं. धाग्याचे जे भाग त्या पेशीला नको असतात, ते बहुतेक कडेला, आवरणाला टेकून निजलेले असतात. जे कामाचे, ते आतल्या बाजूला जागे. डोळ्याची पेशी आणि बोटाची पेशी एकच मजकूर बाळगतात. पण त्यांच्या घड्या वेगळ्या पडतात, आणि कुठलं पान उघडं राहणार हे बरंचसं त्या घड्यांवर ठरतं. तीस वर्षं हे शिकवते आहे, तरी डोळा त्या भिंगाला लावला की आजही तो काढवत नाही. इतकी बारीक शिस्त, आणि शिस्त लावणारं कुणीच नाही!

धाग्याचे कोणते भाग एकमेकांना टेकतात, याचा नकाशा आम्ही काढतो. निरोगी माणसाच्या नकाशात शेजारीशेजारी दोन मोहल्ले दिसतात, मधे भिंतीसारखी सीमा. एका मोहल्ल्यात बोटं घडवणारी कळ असते. ती दाबली जाते तेव्हा आपल्याच मोहल्ल्यातलं जनुक जागं होतं. चिमणीच्या नकाशात दोन्ही मोहल्ले एक झाले होते. जनुकं जागच्या जागी, कळ जागच्या जागी; फक्त सीमेचा तुकडा गळालेला. त्यामुळे त्या कळीने पलीकडचं भलतंच जनुक जागं केलं, नेमकं बोटं आकार घेत होती त्या दिवसांत. एक भिंत नाही, आणि हाताचा आकार बदलला.

ही भिंत पॉलिशच्या वासाने पडत नाही. जड उचलल्याने, जिना चढल्याने, रडल्याने पडत नाही. चिमणी घडू लागली तेव्हा, किंवा त्याच्याही आधी, धाग्याची नक्कल होताना तो तुकडा सुटला, एवढंच. तुझ्या रक्तात ती सीमा शाबूत आहे, दादाच्याही आहे. म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर: बहुधा नाही. 'मुळीच नाही' असं मी लिहिणार नाही. रक्तात न दिसणारी चूक क्वचित बीजात दडून राहते. ती शंका फार लहान आहे, आणि तीही फेडायची असेल तर बाळाची तपासणी करता येईल. ती करायची की नाही हे तू ठरव. आमच्यापैकी कुणी नाही.

एवढं सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तिसरा महिना संपत आला तरी तू आईला काही सांगितलेलं नाहीस, हे दादाच्या तोंडून निसटलं, आणि का सांगितलं नाहीस हे मला कुणी सांगायला नको. आईचा सुनेच्या शब्दावर विश्वास नसला तरी लेकीच्या पदव्यांवर अंधश्रद्धा आहे. तेव्हा आज तिला समोर बसव, बातमी दे आणि हे पत्र मोठ्याने वाच, तिच्याबद्दल लिहिलेलंही. ती मधेच "पण तो वास..." म्हणेल. म्हणू दे. मग 'ही भिंत' इथपासून पुन्हा सुरू कर, आणि ती गप्प होईपर्यंत वाचत राहा.

तुझीच, तुझ्या बाजूची,
नणंद