वेढा उठला असं कुणी सांगितलंच नाही

मलकहिप्परगा
एप्रिल १९८६

प्रिय नंदा,

तुला ती दुपार आठवते का? परीक्षा संपवून तू घरी आली होतीस आणि आपण दोघी किल्ल्याच्या सावलीत पोतं पसरून चिंचा फोडत बसलो होतो. तू मध्येच बोट चाटायचीस. मी रागावले, म्हटलं, आमच्या हैदराबादच्या कॉन्व्हेंटात सिस्टर अशा मुलीला टेबलावरून उठवायच्या. तू इकडेतिकडे बघून म्हणालीस, अव्वा, इथं टेबल कुठाय? मग तटाकडे बघत तू विचारलंस की मलिक आपला कोण लागतो. माझा भाऊ, म्हणजे तुझा मामा, असं मी म्हणून टाकलं. त्यानंतर माझ्याबरोबर मलिकाच्या दर्ग्यात आलीस की तू मजारीशी वाकून सांगायचीस, मामा, पाणी आणलंय बरं का. दर्गा सांभाळणाऱ्या मुजावराच्या घरची रहिमतबी हसून हसून खोकायची.

इकडची खबर म्हणजे पाणीच. ओढा कोरडा, गावातल्या विहिरी तळाला गेल्या. लातूर जिल्हा झाला तेव्हा शाळेत पेढे वाटले होते आणि आता उस्मानाबादला खेटे घालायला नकोत म्हणून सगळे खूश होते. आता कलेक्टर जवळ आले, पण टँकर काही जवळ आला नाही. आला तरी तो चावडीपाशी रिकामा होतो, वस्तीपर्यंत पोचत नाही. तुझे चुलतभाऊ लातुरातच असतात. नव्या कचेऱ्या निघाल्या तशी ठेकेदारी निघाली आणि त्यांनी तिथं घरं बांधली. त्यांच्या बायका लग्नानंतर इथं राहिल्याच नाहीत. गुरुबसप्पाकाका कौतुकानं सांगतात, आमच्या सुना शहरातल्या, त्यास्नी इथलं जमायचं न्हाई. थोरले दीर म्हणून मी अजून त्यांच्यासमोर पदर सावरते, पण हे वाक्य ऐकलं की पदर दातात धरावासा वाटतो.

मलिकाची गोष्ट तुला ठाऊक आहे, पण मी ती तुला नेहमी अर्धीच सांगत आले. आज पुरी सांगते. मलिक सुंबुल हबशी होता. लहानपणी त्याला कुणीतरी धरून जहाजात घातलं आणि बंदरावर विकलं. सुंबुल हे फुलाचं नाव. गुलामांना अशी फुलांची आणि अत्तरांची नावं द्यायची तेव्हा पद्धत होती म्हणतात. त्याच्या आईनं ठेवलेलं नाव कुणालाच माहीत नाही. गुलबर्ग्याच्या सुलतानाच्या फौजेत तो घोडे धुता धुता घोडेस्वार झाला, स्वाराचा सरदार झाला आणि शेवटी हा किल्ला त्याच्या ताब्यात आला. आतली विहीर त्यानंच खोदली, खडक फोडून, पायऱ्यांची. मग दुर्गादेवीचा दुष्काळ पडला आणि त्यातच एका बंडखोर सरदारानं किल्ल्याला वेढा घातला. सुलतानाचा हुकूम होता की कुमक येईपर्यंत दरवाजा उघडायचा नाही. कुमक आली नाही. इथपर्यंत सगळे एकच सांगतात.

पुढचं आपल्या घरात असं सांगतात. मलिकानं शेवटपर्यंत दरवाजा उघडला नाही. आत आपल्या घरची एकच बाई होती. तो जखमी होऊन पडला तेव्हा तिनं त्याला शेवटचं पाणी पाजलं. त्यानं तिला विचारलं, तू जाणार का? ती म्हणाली, वेढा उठेपर्यंत जायची नाही. मग मलिक गेला, ती गेली, किल्ला कुणाकुणाचा झाला, पण वेढा उठला असं कुणी सांगितलंच नाही. म्हणून आपल्या घरची एक बाई दर गुरुवारी त्या विहिरीतून घागर भरून मजारीवर पाणी घालते, आणि घागर जिच्या डोक्यावर आहे तिनं, गुरुवार असो नसो, रोज सूर्य मावळायच्या आत गावच्या शिवेत परतायचं. घागर बदलते ती फक्त उरुसाच्या दिवशी. भरलेली, एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर. होय-नाही विचारत नाहीत. डोक्यावर आली की आली.

माझ्या डोक्यावर ती आली तेव्हा मला हा मान वाटला होता. मी कॉन्व्हेंटातून आलेली, मला इथल्या बायका मडमीण म्हणून चिडवायच्या. उरुसात तुझ्या आजीनं सगळ्या गावासमोर घागर माझ्या डोक्यावर ठेवली आणि ढोल वाजायला लागले, तेव्हा वाटलं, आता मी इथली झाले. आजी त्याच दुपारी बैलगाडी जुंपून माहेरी गेली आणि महिनाभर आली नाही. तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला फार उशिरा कळला.

तू लहानपणी विचारायचीस की अव्वा उदगीरला राहायला का येत नाही. माझी आई उदगीरला आजारी होती तेव्हा मी सकाळच्या गाडीनं जायची आणि दुपारच्या गाडीनं परतायची. ती म्हणायची, बस गं जरा, ऊन उतरू दे. ऊन उतरेपर्यंतच तर मला थांबता येत नव्हतं. ती गेली ती रात्री. तुझे अप्पा होते तोवर ते तरी म्हणायचे, या खेपेला घागर बंद करू. आणि त्या खेपेला पाऊस लांबायचा. पाऊस लांबला की या गावात घागर बंद करायची गोष्ट कुणी काढत नाही. नांदेडला तू शाळेत नोकरीला लागलीस, खोली घेतलीस. तुझी खिडकी कुठल्या दिशेला आहे, पलंग कुठल्या भिंतीशी आहे, हे मी तुझ्या पत्रांवरून मनात मांडलं आहे. नांदेडला जाऊन दिवस मावळायच्या आत परत येता येत नाही, इतकी साधी अडचण आहे बघ.

आता गेल्या महिन्यातलं सांगते, म्हणजे उडत उडत कानावर आलं असेल ते नीट कळेल. तहसिलीतले एक तरुण साहेब जीप घेऊन आले. किल्ल्यातल्या विहिरीला अजून पाणी आहे, त्यावर पंप बसवून टँकर भरू द्या म्हणाले. गुरुबसप्पाकाका म्हणाले, सायेब, हे पाणी सरकारचं न्हाई, मलिकाचं हाय. साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि विचारलं, मलिक कुठं राहतात, सही घेऊन येतो. माणसं हसली. काका हसले नाहीत. जीप धुरळा उडवत गेली आणि दरवाजाला कुलूप तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मी घागर घेऊन गेले तर दिंडी दरवाजापाशी वस्तीतल्या बायका बसलेल्या. हंडे, डबे, घागरी, एकीजवळ तर लेकराची आंघोळीची बादली. सगळ्यांच्या पुढं केवळाबाई. ती म्हणाली, आक्कासाब, तुमी दर गुरवारी मलिकासंगं बोलताव, त्याला येकडाव इचारा की, मेल्यावर बी त्याला लई तान लागती का? आन आमी जित्या हाव तर आमाला लागत न्हाई का? बायका खुसखुसल्या. मला हसू आलं आणि मग मी कुलपात किल्ली फिरवली. मी दरवाजा उघडला. मी बाजूला झाले. त्या आत गेल्या. पायऱ्यांवर बायकांची रांग लागली आणि हंडे हातोहात वर आले. मी माझी घागर शेवटी भरली. पाण्याला अजून तळ दिसत नव्हता.

त्या दिवशी रहिमतबीनं मला गोष्टीचा त्यांच्या घरातला शेवट सांगितला. तसा मी तो आधीही ऐकला होता, पण आपल्या घरातले पुरुष तो हसण्यावारी नेतात. मलिकानं दरवाजा उघडला होता. गावातल्या बायका घागरी घेऊन तटाखाली आल्या, तेव्हा त्यानं हुकूम मोडला आणि दिवसभर पाणी नेऊ दिलं. त्या बायकांच्या मागोमाग शत्रू आत शिरला आणि मलिक विहिरीच्या पायरीवर मारला गेला. सरदार दरवाजा उघडून मेला, याची आपल्या घराला लाज वाटते. रहिमतबी सुपारी कातरत म्हणाली, बहू, उनो दरवाजा खोलको मरे, और तुम लोगां उनके नाम पे औरतकू बंद करको रखे. मलिक कबर में हँसता होंगा. मी तिला विचारलं, मग हे तू इतकी वर्षं ठासून का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तुमने पुछेच कब?

खरी गोष्ट कुठली ते मला ठाऊक नाही. सहाशे वर्षांमागचं कोण सांगणार? पण मी त्याच्या उशाशी इतकी वर्षं उभी राहिले आहे. विकलेलं पोर, दुसऱ्यानं दिलेल्या नावानं जगलेलं, दुसऱ्याच्या हुकमानं दगडात कोंडलेलं. अशा माणसानं कुणाला तरी डांबून ठेवायला सांगितलं असेल, हे मला पटत नाही.

गुरुबसप्पाकाका माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कुलूप बदललं. नवी किल्ली ते स्वतः घेऊन दर गुरुवारी माझ्याबरोबर येतात आणि मी पाणी घालेपर्यंत दारात उभे राहतात. आणि पारावर म्हणायला लागले, शिस्त मोडली, घागर बिघडली, आता नवं डोकं पायजे. मग ते घरात येऊन सहज विचारल्यासारखं विचारतात, पोरगी तिकडं नांदेडात एकलीच राहून काय करायली? शाळा तर इथं बी हाय. मला वाटलं, गाव तरी माझ्या बाजूनं उभं राहील. परवा केवळाबाई आली, माझ्या पायाशी बसली आणि म्हणाली, आक्कासाब, तुमचे उपकार न्हाई फिटायचे, पण पोरीला बलवून घ्या. घागरीला मानूस न्हाई ऱ्हायलं अन् औंदा बी पाऊस न्हाई आला तर समदे माझ्याच नावानं बोटं मोडतील. ती खोटं बोलत नव्हती. तिच्यावर रागवायला मला जागाच सापडेना.

नंदा, आता हे लक्ष देऊन वाच. उरूस येत्या पुनवेला आहे. त्याआधी तुला तार येईल, अव्वा अत्यवस्थ, ताबडतोब ये. मजकूर ठरला आहे, मी माजघरातून ऐकला. मी अत्यवस्थ नाही. माझे गुडघे दुखतात आणि तेवढंच. तू येऊ नकोस. तुझे मामा-मावशी कुणी घ्यायला आले तरी येऊ नकोस, माझ्या नावानं कुणी रडत आलं तरी येऊ नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. सगळं गाव कोरड्या तोंडानं समोर उभं राहिलं तर तू मान हलवायची नाहीस, मीही हलवली नव्हती, आणि घागर ठेवायला डोकं स्थिर असलं की पुरतं. तू इथं नसलीस की त्या दिवशी घागर माझ्याच डोक्यावर असेल. ढोल वाजत असताना, सगळ्यांच्या देखत, मी ती रहिमतबीच्या डोक्यावर ठेवणार आहे. भरलेली घागर एकदा डोक्यावर गेली की परत घेता येत नाही, हे त्यांचंच म्हणणं आहे. तिला मी आधी विचारलं, इथल्या रीतीप्रमाणे न विचारता ठेवली नाही. ती म्हणाली, लाव इधर. मैं तो हर महिने बेटीके पास बिदर जातूं, मेरेकू कौन रोकता देखती. दिवस मावळायच्या आत परतायचा नेम आपल्या घरच्या बाईला आहे, मुजावराच्या घराला नाही. पाणी मलिकाला मिळेल, गावाला पावसाची आशा राहील आणि आपल्या घरातली बाई सुटेल. त्यानंतर मला या घरात घेतील की नाही, ते मला माहीत नाही. शिवेपलीकडे रात्र कशी असते तेही आता आठवत नाही. नांदेडच्या गाडीत बसायचं धैर्य त्याच दिवशी होईल असं वचन मी देत नाही. हे पत्र रहिमतबी बिदरला जाताना उदगीरच्या पोस्टात टाकेल, कारण इथली पेटी पारासमोर आहे.

घरात पुन्हा पाऊल टाकता आलं नाही तर म्हणून लिहून ठेवते. माझी पाटल्यांची जोडी केवळाबाईच्या सुनेला, तिला दिवस गेले आहेत. तांबडी गाय मुजावरांच्या दावणीला बांधायची, ती तशीही तिकडंच जाऊन उभी राहते. अप्पांचं घड्याळ लातूरला तुझ्या धाकट्या चुलतभावाला, तो त्यांचा लाडका होता, त्याच्यावर माझा राग नाही. माझी इंग्रजी पुस्तकं इथल्या शाळेला, वाळवी लागली असेल तर झटकून. जरीचं लुगडं उरुसात मी नेसेन, ते पुढं रहिमतबीच्या नातीला. माझी लिंगाची डबी माझ्या गळ्यातच राहील. तुझ्यासाठी मी काहीही ठेवलेलं नाही. या घरातून तुझ्याकडे काहीच येऊ नये, एवढ्यासाठीच तर हे सगळं करते आहे.

तुझीच, तू न आलीस तरच सुखी होणारी,
अव्वा