सहाचं दार

सोमवार, ४ मार्च

आज गच्चीवर छोट्या चादरी वाळत घालताना एकदम आठवलं. पाळणाघराचा पहिला आठवडा, मुंगी आणि मी. तिच्या तोंडात चिमटे, माझ्या तोंडात चिमटे, आणि बोलायचं तर दोघींनाही होतं! नुसतं ऊं ऊं करत आम्ही अख्ख्या जगाच्या चौकशा केल्या. तेवढ्यात वाऱ्याने एक चादर उडाली ती थेट खालच्या न्हाव्याच्या दारात, खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर. न्हावी बाहेर येऊन ओरडला, "बाई, चादरी आहेत आमच्याकडे!" आम्ही दोघींनी गच्चीवर बसकणच मारली. पोट दुखेपर्यंत हसलो. तिशीच्या बायका होतो तेव्हा, पण हसलो मात्र कॉन्व्हेंट शाळेतल्यासारख्या — सिस्टर येत नाहीत ना, हे बघत.

मुंगी हे तिचं शाळेतलं नाव. सदा काहीतरी उचलून कुठेतरी न्यायची. आता ती आमच्या संस्थेची अध्यक्ष आहे. आणि आज तिने काय उचललंय — माझं सहाचं दार.

म्हणाली, पाळणाघर हा शब्दच आता चालत नाही. बालशिक्षण केंद्र म्हणायचं. वेळ नऊ ते एक. दुपारची झोप बंद. मदत देणाऱ्या कचेरीला 'शिक्षण' दिसायला हवं. त्यांच्या बाई गुरुवारी पाहायला येणार, पुढच्या मंगळवारी समिती ठरवणार.

मी विचारलं, "आणि पहाटे सहाला येणारी पोरं?"

"त्यांचं त्यांच्या घरचे बघतील."

बघतील! घरी बघणारं कुणी असतं तर अंधारात पोर खांद्यावर टाकून आली असती का कुणी?


मंगळवार, ५ मार्च

थंडी. सहाला दोन मिनिटं होती, दारात बसवाली उभी. ती शहरातली पहिली बस काढते. खांद्यावर तिची लेक टुणटुण गाढ झोपलेली, एक मोजा पायात, एक आईच्या खिशात. हे झोपलेलं ओझं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेणं — हे मला कुणी शिकवलं नाही आणि मला कुणाला शिकवता येणार नाही. मान हलू द्यायची नाही. बोलायचं नाही. आईने मागे वळून बघायचं नाही.

आज मात्र ती वळली. "बाई, नऊचं खरं आहे?"

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात. मी डेपोत सांगू का मग, पहिली बस नऊला काढते म्हणून? लोकांना म्हणते, आज सूर्यसुद्धा उशिरा येणार आहे, तुम्ही पण झोपा!"

हसली. पण मोजा खिशातच घेऊन गेली. तिच्या हसण्यावर मी जात नाही, मोज्यावर जाते.

दार बंद होणार नाही. मी आहे तोवर नाही.


बुधवार, ६ मार्च

नव्या ताईबद्दल लिहायचं राहतंय. महिन्यापूर्वी संस्थेने पाठवली. शिकलेली, चुणचुणीत, वेणी कमरेपर्यंत. मी तिला पाण्यात पाहत होते, खरं सांगायचं तर. आमची मुलं न्याहारीनंतर रांगेत बसून गाणी म्हणतात, पाठ ताठ, हात मांडीवर — सिस्टरांनी आम्हाला बसवलं तशी. ताईने दुसऱ्याच दिवशी रांग मोडली. परात, चार मग, पाणी. ओता, भरा, सांडा! मी कपाळाला हात लावला. आणि जो भोपळ्या वर्षभर तोंडातून शब्द काढत नव्हता, तो हातातला मग पालथा करून म्हणाला, "संपलं!"

पहिला शब्द. माझ्या गाण्यांनी नाही आला.

संध्याकाळी मी फडकं घेऊन गुपचूप फरशी पुसली. ताईला काही म्हटलं नाही. आता रोजच पुसते.


गुरुवार, ७ मार्च

कुठून सुरुवात करू!

आमच्याकडे प्रत्येक मुलाच्या खुंटीला एक अभ्रा असतो. आईच्या उशीचा. आई तो रविवारी रात्री स्वतःच्या डोक्याखाली घेऊन झोपते, सोमवारी आणते, आणि आठवडाभर पोर दुपारी त्यावर गाल टेकून झोपतं. तो आमच्याकडे धुवायचा नसतो. कळकट झाला तरी नाही. जुन्या-नव्या सगळ्या आयांना ठाऊक, मोलकरणीला ठाऊक, न्हाव्यालासुद्धा ठाऊक. ताईला मात्र सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. इतकं उघड आहे की कोण सांगणार?

पाहुण्या येणार म्हणून तिने काल सगळे जण गेल्यावर एकटीने थांबून सगळेच्या सगळे अभ्रे गरम पाण्यात, वासाचा साबण घालून धुतले. इस्त्री केली! सकाळी खुंट्यांवर पांढरेशुभ्र अभ्रे, ताईच्या चेहऱ्यावर कौतुकाची वाट बघणारं हसू. मी एक हुंगून पाहिला, नुसता साबण.

दुपारी पडदे ओढले. मुलं आडवी झाली. टुणटुणने अभ्र्यात नाक घातलं, बाहेर काढलं, परत घातलं. उठून बसली. "माझा नाही हा." मग भोपळ्या. मग एकेक करत सगळी. कुणी दुसऱ्याच्या गादीवर जाऊन हुंगतंय, कुणी दाराशी जाऊन बसलंय, आणि टुणटुणने असा टाहो फोडला की तिचं बघून अख्खी खोली रडायला लागली.

आणि दारात मुंगी, कचेरीच्या बाईंना घेऊन!

बाई काही वाईट नव्हत्या. एका रडक्याला स्वतः उचललं, पदराला शेंबूड लागला तरी हूं की चूं नाही. पण निघताना मुंगीला म्हणाल्या, "झोपवायचा आग्रह का बरं? मुलांना त्रासच होतोय." झालं! एवढं एक वाक्य मुंगीला पुरे होतं.

मी सांगायला गेले — अभ्रे, वास, साबण. मुंगीने माझ्याकडे असं पाहिलं की मी मधेच थांबले. बाहेरच्याला ते वेडगळच वाटत असणार.

ताई स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून रडत होती. मी बरंच बोलणार होते. "अगं, आईच्या उशीचा वास कुणी धुऊन टाकतं का?" एवढंच विचारलं. त्यावर ती आणखीच रडली. मग डोळे पुसले, टुणटुणचा अभ्रा घडी करून पिशवीत टाकला आणि न सांगता बाहेर पडली.


शुक्रवार, ८ मार्च

ताई काल थेट डेपोत गेली होती! बसवाली दोन फेऱ्यांच्या मधे मोकळी होईपर्यंत उभी राहिली आणि अभ्रा तिच्या हातात देऊन म्हणाली, "हा अंगाला लावून ठेवा. चूक माझी आहे." बसवालीने तो गळ्याभोवती गुंडाळला आणि पुढच्या सगळ्या फेऱ्या तशाच मारल्या. उतारू विचारत होते, घसा बसलाय का? एका आजोबांनी म्हणे खडीसाखर दिली.

आज दुपारी टुणटुण गाल टेकल्या टेकल्या झोपली. "आज बसचा वास आहे," म्हणाली, आणि गेलीच.

बाकीचे अभ्रे काल आयांनी घरी नेले होते. सगळे परत आले. सगळी झोपली. खोलीत तो आवाज — इतक्या नाकांचा एकदम! तो ऐकायला कचेरीच्या बाई आज यायला हव्या होत्या.

ताईला मी चहा करून दिला. स्वतःहून. तीही चमकली.


रविवार, १० मार्च

लेकीचा फोन. "आई, पुरे आता. हे गेल्यापासून—" ती बाबांना 'हे' म्हणत नाही, मी म्हणते. ती म्हणाली, "बाबा गेल्यापासून त्या एवढ्या घरात एकटी राहतेस आणि पहाटे उठून लोकांची पोरं उचलतेस. घर काढून टाक, आमच्याकडे ये. तुझी खोली तयार आहे. पडदेसुद्धा तुझ्या आवडीचे."

गुणाची आहे. जावईही चांगले. पण त्या खोलीत मी सहाला उठून करणार काय? पडदे बघणार?


मंगळवार, १२ मार्च

समिती. मुंगी टेबलाच्या टोकाला, दोघे सभासद चहाच्या कपात डोळे घालून.

मुंगी म्हणाली, "मदत शिक्षणाला आहे, सांभाळायला नाही."

मी म्हटलं, "सांभाळल्याशिवाय शिकवून दाखव. एकाला तरी."

"झोप म्हणजे शिक्षण नव्हे."

"भूगोलाच्या तासाला तू काय करायचीस मग? पास झालीसच ना?"

सभासद हसले. मुंगी कानापर्यंत लाल झाली. मला वाटलं, जिंकले. पण हात वर करायची वेळ आली तेव्हा हात तिच्याच बाजूला गेले.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, आई गेली तरी परत येते, हे दोन वर्षांच्या जिवाला कळायला किती दिवस लागतात माहीत आहे? ते कळलं की मग तुमचे रंग आणि आकडे. हा धडा पहाटे सहाला होतो, तुम्ही कुणी तेव्हा जागे नसता. — सिस्टर असत्या तर म्हणाल्या असत्या, मुली, आवाज खाली. नाही केला खाली.

सोमवारपासून नऊ ते एक. किल्ली शनिवारी द्यायची.

जिन्यात मुंगीने माझं कोपर धरलं. "माझ्यावर चिडू नकोस गं. मदत बंद झाली तर जागेचं भाडंच निघणार नाही, मग नऊचंही दार जाईल. अर्धं तरी वाचवते आहे मी." तिचंही खोटं नाही. ते मला तिथेच कळलं आणि त्यामुळे जास्तच राग आला. मग म्हणाली, "आणि आपली वयं झाली. माझे तर गुडघे—"

"माझे गुडघे सहाला ठणठणीत असतात, मुंगे. नऊला दुखायला लागतील!"

खाली आल्यावर रडले. चौकातल्या नळाशी तोंड धुतलं आणि मग घरी आले.


गुरुवार, १४ मार्च

बसवालीला मीच सांगितलं. टुणटुण माझ्या खांद्यावर, झोपलेली.

"पहिली फेरी सोडली की ती दुसऱ्याला जाते, बाई. मग मला मधल्या मधल्या फेऱ्या, ज्या दिवशी असतील त्या दिवशी."

"आणि?"

"आणि काय! टुणटुणला टपावर बसवते. वारा खाईल."

दोघी हसलो. दोघींनाही हसू येत नव्हतं.

मी म्हटलं, "सोमवारी नेहमीसारखी ये."

"कुठे येऊ?"

"सांगते. पण सहालाच ये."

बोलून तर बसले. दिवसभर तेच डोक्यात. परातीत हात घालून मुलं पाणी ओतत होती आणि मी शेजारी बसून बघत होते. आज मी रांग लावायचा विषयसुद्धा काढला नाही.


शुक्रवार, १५ मार्च

लेकीला फोन केला. म्हटलं, उद्यापासून घर रिकामं करायला घेते. ती फोनवरच रडायला लागली, आनंदाने. "आई, खरंच? शेवटी पटलं तुला! मी माणसं पाठवू का?"

म्हटलं, माणसं माझ्याकडे आहेत.


शनिवार, १६ मार्च

किल्ली मुंगीला दिली. तिने भरल्या डोळ्यांनी पाहिलं, मी पाहिलं नाही. आता घरातलं कुणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते, उद्या हमालांसमोर गोंधळ नको.

दुहेरी पलंग — बसवालीला. मायलेकी एका सतरंजीवर झोपतात. मला एक गादी पुरे.

काचेचं कपाट, आतल्या चहाच्या संचासकट — मुंगीला. भांडण आहे म्हणून काय झालं, तिचा डोळा आहे त्याच्यावर माझ्या लग्नापासून. आणि माझ्याकडे काच नको आता.

ह्यांची आरामखुर्ची — न्हाव्याला. चादरीचं देणं लागते.

ह्यांची पुस्तकं ताईला. शिवणयंत्रही तिलाच, पण ते इथेच राहील, कारण तीही इथेच येणार आहे. सहा ते नऊ मुलं इथे, माझ्या घरी, मग मुलांची ओळ धरून केंद्रात, तिथलं शिक्षण कशाला सोडा! एकला परत इथे, झोपायला. मी विचारलं नव्हतं. तीच म्हणाली.

सुताराने बैठकीचं दार मधून कापायचं आहे, खालचा अर्धा बंद राहील असं. भिंतीला खुंट्या — माझ्या कमरेच्या उंचीला, वर नको. प्रत्येक खुंटीला एक अभ्रा. धुवायचा नाही!

जेवणाचं मोठं टेबल लेकीला. तिला अजून काही सांगितलेलं नाही. सोमवारी टेबल तिच्या दारात पोचेल, मी नाही, तेव्हा कळेल.