पंचबोलवरची कुजबुज

अकोला, ३ जानेवारी

तीर्थरूप सूर्यभानदादास गोदाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

फोनवर तुमाले ऐकू येत नाही अन् कानाची मशीन तुमी डब्यात ठेवता, म्हणून कागद काळा करून राहिली. आपल्या रश्मीले पाहाले मोर्शीचे पाहुणे १२ तारखेले थेट चिखलदऱ्याले येतात. मुलगा किशोर गड चढायचा शौकीन, आपली पोरगीही तशीच. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मले घाट जमत नाही. तुमी मामा, तुमीच सांभाळा. पोरीची ताडासारखी उंची पाहून दोन स्थळं परत गेली. हेही गेलं तर लग्नाचं नाव काढू नको, असं पोरीनं मले बजावलं.

दादा, हात जोडते. भीमानं कीचकाले मारून दरीत फेकलं, ते पाहुण्यांले सांगू नका. मुलगा कसा वाटला, ते फक्त वहिनीच्या कानात सांगा.

लोभ आहेच, जीभ तेवढी आवरा.

तुमची गोदा

चिखलदरा, १३ जानेवारी

चि. सौ. गोदास अनेक आशीर्वाद.

कीचक मी सांगितला. भीमकुंड समोर अन् गप्प राहू? भीमानं हात कुठं धुतले, तेही दाखवलं. मुलाची आई आशाबाई जराशी मागं सरकली, पण ऐकलं बिचारीनं. गाविलगडावर दोघं पोरं आमच्या पुढं पळाले.

मग पंचबोल पॉइंटले नेलं. तिथं एक हाक मारली का दरी पाचदा परत देते. पाहुणे खूश! तेवढ्यात तू सांगितल्यापरमाने मी तुझ्या वहिनीच्या कानात म्हटलं, पोरगं लाखाचं हाय, पण बुटकं हाय. अगदी हळू, गोदे, तुझ्या गळ्याची आण!

तर सारे एकाएकी दरीकडं पाहू लागले. आशाबाईच्या हातातलं कणीस खाली पडलं. रश्मी कठड्याशी जाऊन काहीतरी ओरडली अन् किशोर मटकन खालीच बसला. तुझी वहिनी कालपासून माझ्याशी बोलत नाही. माझं काय चुकलं? स्थळ मोडलं काय?

उत्तर लवकर धाड.

तुझा दादा

अकोला, १८ जानेवारी

ती. मामांना रश्मीचा सा. नमस्कार.

मामा, तुमची कुजबुज म्हणजे गावची दवंडी! बुटकं हाय, बुटकं हाय, असं दरीनं पाचदा सांगितलं. जमीन फाटावी अन् आत जावं, असं झालं मले. पण किशोरचं उतरलेलं तोंड पाहिलं अन् जीव तुटला. साऱ्या गडावर त्यानं माझ्या उंचीचा एक शब्द काढला नव्हता. म्हणून मी ओरडली, मले चालते! दरीनं तेही पाचदा सांगितलं. किशोर हसून हसून खाली बसला. त्याची आई म्हणे, पोरगी इतक्यांदा हो म्हणते, आता आमी नाही कसं म्हणायचं?

२ फेब्रुवारीले साखरपुडा आहे, मामीले घेऊन या. मांडवात खुशाल ओरडून बोला, कीचकही सांगा. पण मामा, कोणाच्या कानात काही सांगू नका.

तुमची ताडमाड भाची,
रश्मी