सोपो आणि सोपे यांतील फरकाबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
सायंछाया ज्येष्ठ निवास मंडळ,
डिचोली, गोवा.

विषय: घर क्र. १४ च्या दारापुढे सोपो बांधून मिळण्याबाबत.
संदर्भ: १) चिठ्ठी-बैठक, दि. ९ नोव्हेंबर २०२४. २) अंतिम आराखडा क्र. ३.

महोदय,

अर्जदार विनोदिनी गुरुदास मळीक, वय ७१, राहणार मुळगाव, ही सविनय कळवते की आपल्या नियोजित संकुलात तिला व तिच्या यजमानांना घर क्र. १४ मिळाले आहे. त्याबद्दल ती आभारी आहे. मुळगावच्या घरापासून रस्त्यापर्यंत अकरा पायऱ्या. यजमानांना अर्धांगवायू झाल्यापासून दवाखान्याला न्यायचे तर ते तिला उचलवत नाहीत. म्हणून जाणे भाग आहे. तक्रार घराची नाही, ते ज्या रीतीने आखले गेले त्या रीतीची आहे.

१. आधी म्हातारपण समजून घ्यावे, या स्तुत्य हेतूने वास्तुरचनाकार श्री. प्रज्योत व त्यांच्या सहायक कोमल यांनी वजने शिवलेला सदरा आणि धुरकट चष्मा घालून वीस मिनिटे म्हातारपण भोगले. त्यांना घाम आला, सोलकढी देण्यात आली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या पद्मावतीबाई तेव्हा म्हणाल्या, "काढ गो बाय, काढ. तुझा निघतो तरी." हे वाक्य अहवालात नाही. सदऱ्याचा फोटो आहे.

२. मग प्रत्येकाला चिठ्ठीवर एकच इच्छा लिहायला सांगितले. बावीसपैकी एकोणीस जणांनी लिहिले, 'सोपो हवो'. सोपो म्हणजे दारापुढच्या पडवीत, रस्ता दिसेल असा, भिंतीलाच बांधलेला चिऱ्याचा कट्टा, समोरासमोर दोन. आमच्या तालुक्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते; शेंबूड पुसून मोठ्या शाळा शिकलेल्यांना ठाऊक नसावे. अहवालात नोंद झाली: 'ज्येष्ठांना सर्व काही सोपे हवे.' त्यावरून 'सोपेपणा' ही संकल्पना जन्मली. पहिल्या आराखड्यात दोन बाके तरी होती, दुसऱ्यात एक उरले, तिसऱ्यात पडवीच गेली. आता कागदावर दारापुढे कोरी पांढरी भिंत आहे. इतके सोपे काम मंडळाने प्रथमच केले असावे. समजावे म्हणून अर्जदाराने भर बैठकीत ओवीही म्हटली होती:

दारी माझ्या गं सोपो, सोप्याला वाट येते,
वाटेच्या माणसाचं नाव मी आधी घेते.

तिची नोंद 'सांस्कृतिक कार्यक्रम, एक मिनिट' अशी आहे.

३. बसण्यासाठी मागे 'सरोवर-दर्शन सज्जा' दिला आहे. सरोवर म्हणजे बंद खाणीच्या खड्ड्यात साचलेले पाणी. यजमानांनी सव्वीस वर्षे त्याच खड्ड्यातून खनिजाचा ट्रक वर काढला. जागा दाखवायला नेले तेव्हा ते पाण्याकडे बघत विचारत राहिले, "माझो ट्रक खंय गेलो?" श्री. प्रज्योत यांनी लिहून घेतले की रहिवासी दृश्यात रमले.

आता चिठ्ठीत न मावलेली गोष्ट. चार भिंतींत यजमान अर्जदाराला ओळखत नाहीत. "बाय, तुम्ही कोणाच्या?" असे अदबीने विचारतात. पण संध्याकाळी मुळगावच्या घराच्या सोप्यावर बसवले आणि रस्ता चालू लागला, की कुसुम दिसते, गौरेश हॉर्न वाजवतो, म्हापशाहून आलेली सिद्धी पिशव्या सावरत जाते. ते एकेकाचे नाव घेतात. अशी चार-सहा नावे ओठांवरून गेली, की समोरच्या सोप्यावरच्या बाईकडे वळून म्हणतात, "विनू, च्या दी." हे औषध कोणत्या डॉक्टराने लिहून दिलेले नाही, चिऱ्याने दिले आहे. पांढऱ्या भिंतीपुढे बसून माणसाने कोणाचे नाव घ्यावे, ते मंडळाने कळवावे.

तरी, पाया खणून झाला असला तरी चिरे अजून रस्त्याकडेला रचून आहेत, तोवरच घर क्र. १४ च्या दारापुढे रस्त्याच्या बाजूने पडवी घालून दोन सोपे बांधावेत, ही विनंती. (सोपोचे अनेकवचन सोपे असेच होते, यावेळी घोटाळा नको.) उरलेल्या अठरा चिठ्ठ्याही पुन्हा वाचाव्यात. मापासाठी श्री. प्रज्योत यांनी पुन्हा सदरा चढवण्याची तसदी घेऊ नये. माप सोबत जोडले आहे.

आपल्या कार्यालयातही बसायला जागा नसल्याने उभ्यानेच सही करणारी,
आपली नम्र,
विनोदिनी गुरुदास मळीक
मुळगाव, दि. १७ फेब्रुवारी २०२५

सोबत:
१) चिठ्ठ्यांच्या प्रती, एकोणीस.
२) सुती दोरी, एक, तीन गाठींची. पहिली गाठ: बसल्यावर यजमानांचे पाय जमिनीला टेकतात ती उंची. दुसरी: पाठ भिंतीला लागते ती रुंदी. तिसरी: दोन सोप्यांमधले अंतर. इथवर 'विनू' ऐकू येते.