माझे पॉइंट मी देणार नाही

प्रिय ठमे,

मी किती आपमतलबी झालेय, हे दादाने तुला एव्हाना दोनदा तरी ऐकवलं असेल. खरंच आहे ते. मी त्याला नाही म्हटलं. साठीला टेकलेल्या बाईने जन्मात पहिल्यांदा थोरल्या भावाला नाही म्हटलं, आणि तेही दवाखान्याच्या काउंटरवरून, गालात कापूस धरून बसलेल्या तीन पेशंटांच्या देखत. फोन मी आपटलाच. रागाने, भीतीने नव्हे. पण दादा गोष्ट नेहमी मधून सुरू करतो, म्हणून मी पहिल्यापासून सांगते.

सहा वर्षांपूर्वी बँकेने ते विमान कंपनीचं कार्ड गळ्यात मारलं, तेव्हा मीही हसलेच होते. शंभराची खरेदी केली की दोन पॉइंट. म्हटलं, या हिशेबाने विमानात बसेपर्यंत माझी कवळी येईल. पण दातांच्या दवाखान्यात बसून मी एक शिकलेय, चिकाटीपुढे दगडी दाढसुद्धा हलते. किराणा, वीज, तुझ्या भावोजींची औषधं, सगळं त्या कार्डावर. दर महिन्याला पूर्ण बिल चुकतं करायचं आणि नुसत्या पॉइंटसाठी चमचाही घ्यायचा नाही, हे दोन नियम. दुसरा एकदाच मोडला. अठरा महिने खात्यात काही हालचाल नसली तर पॉइंट मरतात, आणि भावोजींच्या आजारपणात मी कार्डाकडे बघितलंच नव्हतं. शेवटच्या आठवड्यात कंपनीच्या दुकानातून मोज्यांची एक जोडी मागवली आणि खातं वाचवलं. भावोजी अजून ते मोजे घातले की म्हणतात, जगातले सगळ्यात मौल्यवान पाय आहेत हे. मग डॉक्टरीणबाईंना विचारून दवाखान्याचे हातमोजे, कापूस, दात भरायचं सिमेंट मी माझ्या कार्डावर घ्यायला लागले. त्या दुसऱ्या दिवशी पैसे देतात, पॉइंट माझे. तिथून गाडीने वेग घेतला. घरात माझं नाव पडलं 'कुपनवाली'. सून जाहिरातीचा कागद दिसला की माझ्या ताटाशेजारी आणून ठेवायची. मी तो घडी करून पर्समध्ये टाकायची आणि जेवायची.

गेल्या महिन्यात बातमी आली. आपली ती जुनी विमान कंपनी मोठ्या कंपनीत विलीन होणार, नाव पुसलं जाणार आणि या महिनाअखेरीपासून प्रत्येक तिकिटाला दुप्पट पॉइंट लागणार. माझ्याकडे अडतीस हजार होते. जाण्यायेण्याच्या तिकिटाला आज छत्तीस, पुढच्या महिन्यात बहात्तर. म्हणजे सहा वर्षांच्या साठ्यात निम्मं पाणी ओतून ते मला सांगणार, बाई, दूध तेवढंच आहे. आणि गंमत बघ, सहा वर्षं हसणाऱ्या सगळ्यांना त्याच आठवड्यात माझ्या पॉइंटांची काळजी वाटायला लागली. मुलगा म्हणाला, आई, वाया जाण्यापेक्षा आम्ही दोघं फिरून येतो. त्याला म्हटलं, तू हसताना पॉइंट मिळत असते तर आज तुझ्याकडे माझ्यापेक्षा जास्त असते. तो कान पकडून गेला.

मग दादाचा फोन. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची सवय तुला माहीतच आहे. आधी माझी कंबर, मग हवापाणी, मग हळूच त्याच्या मुलाची नवी नोकरी, आणि तिकिटांचे काय भाव झालेत हल्ली! मी म्हटलं, दादा, पॉइंट ठमीसाठी ठेवलेत. तर तो हसला. वाईट हसला असं नाही, आपण मुलांच्या बोलण्यावर हसतो ना, तसं. म्हणाला, "ठमीला कुठे जायचंय? तिचं इथे बरं चाललंय. आता नातवाकडेही तीच बघते."

ठमे, आईचं बारा वर्षं तू केलंस. तिला कुशीवर वळवणं, तिची औषधं, तिचे शिव्याशाप, सगळं. ती गेली त्या दिवशी मला वाटलं होतं, आता तुला कुणीतरी विचारील, की बाई गं, तुला काय हवंय? वर्षही झालं नाही, तर तुझ्या कडेवर त्यांचं मूल. नातू गोड आहे, त्याचा काही दोष नाही. पण 'बरं चाललंय' हे तुझ्या वतीने दादा बोलला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "ते ठमी सांगेल. आणि पॉइंट माझे आहेत, मी देणार नाही." तो म्हणाला, तुला कुणी हे शिकवलं? मी म्हटलं, तूच, सत्तावीस वर्षांपूर्वी. आणि फोन ठेवला.

त्याच दुपारी डबा बाजूला सारून कंपनीला फोन लावला. सगळ्या गावाने तोच दिवस धरला असावा. पन्नास मिनिटं कानात तीच सनई वाजत होती. शेवटी एक बाई बोलली, दमलेली, पण गोड. प्रवासी तुमच्या कोण? म्हटलं, धाकटी बहीण. जन्मतारीख मी तिचं विचारणं संपायच्या आत सांगितली. परतीची तारीख कुठली टाकू? म्हटलं, तुमचं यंत्र देईल तितकी लांबची. ती हसली, म्हणाली, अकरा महिन्यांपर्यंत जाता येतं. टाका म्हटलं. उरलेल्या पॉइंटांत खिडकीची जागा घेतली.

आता तू विचारशील, दादा सत्तावीस वर्षांपूर्वी काय शिकवून गेला. तेच सांगायला हे पत्र लिहितेय, आणि म्हणूनच ते घरी न पाठवता तू जातेस त्या वाचनालयातल्या बाईंच्या पत्त्यावर टाकतेय. त्या घरात तुझं एक पत्र याआधी तुझ्यापर्यंत पोचलेलं नाही. याच विमान कंपनीत आरक्षणाच्या काउंटरसाठी तू मुलाखत देऊन आली होतीस, आठवतं? महिनाभर फाटकाशी पोस्टमनची वाट बघायचीस. ते पत्र आलं होतं. तू शिवणाच्या क्लासला गेली होतीस आणि मी बाळंतपणाला माहेरी आले होते. दादाने ते उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाला, रात्रपाळी आहे, आपल्या घरातली मुलगी जाणार नाही. आई म्हणाली, तिला कळूच देऊ नका, रडून घर डोक्यावर घेईल. नकार कळवायचा तर अक्षर तुझ्यासारखं हवं. तुझ्यामाझ्या अक्षरात मास्तरसुद्धा फसायचे. दादाने सांगितलं, मी लिहिलं. 'कौटुंबिक कारणामुळे' असं लिहिलं आणि खाली तुझी सही मी केली. बाळ मांडीवर होतं, मला माहेरी अजून दोन महिने काढायचे होते; पण ही कारणं मी स्वतःला सांगते, तुला सांगायला ती पुरत नाहीत. नंतर तू म्हणायला लागलीस, मला इंग्रजी नीट बोलता आलं नाही म्हणून घेतलं नाही. मग कुठे अर्जच केला नाहीस. आणि मी दर वेळी मान हलवली.

त्याच कंपनीचं हे कार्ड मी का ठेवून घेतलं आणि हसू झालं तरी का सोडलं नाही, ते आता तुला कळलं. तिकीट सोबत आहे, बावीस तारखेचं. आमच्याकडची मागची खोली रिकामी केलीय. मी आता अर्धा दिवसच कामाला जाणार. डॉक्टरीणबाईंना काउंटरवर माणूस हवंय, त्या म्हणाल्या, येऊ दे, बोलू. पण ठमे, मीही तुला न विचारताच ठरवतेय, दादासारखीच, म्हणून एवढं नीट ऐक. निघण्याच्या दोन दिवस आधीपर्यंत तिकीट रद्द करता येतं. हवं तर कर; माझ्या भिडेखातर येऊ नकोस, दादावरच्या माझ्या रागाखातर तर नकोच. येऊन माझ्याशी भांड, आठ दिवसांत परत जा, माझं तोंड बघू नकोस. जे करशील ते तुझं तू ठरवलेलं असू दे. दादाला मी आज दुसरं पत्र टाकलंय, त्याने काय केलं आणि मी काय केलं ते तुला कळवलंय म्हणून. त्याला आता जे ओरडायचं ते माझ्यावर ओरडू दे, मी घाबरत नाही. मात्र स्वतःबद्दल ते इंग्रजीचं खोटं यापुढे एक दिवसही बोलू नकोस. कंपनीच्या त्या पत्रात निवड झालेल्या नऊ जणींची यादी होती. ती मी दोनदा वाचली होती. पहिलं नाव तुझं होतं.

तुझीच, फार उशिरा तोंड उघडलेली,
ताई